ण आणि न

साक्षीच्या पिंजऱ्यात मला
समोरचे वकील म्हणाले,
बाई, तुमच्या कुलरचं नाव जरा मोठ्याने घ्या.

एप्रिल सरत आलेला. बाहेर पंचेचाळीस.
खिडकीत कुलर होता, आमचा नव्हता,
आणि त्यात पाणी नव्हतं.

पाचपावलीत हातमाग बसले
तेव्हा बापाने मागाचं लाकूड कापून
पहिली चौकट ठोकली.
पत्रा भंगारातला, खस उधारीची.
हवा आपली नाही, पत्रा तेवढा आपला, म्हणायचा.
नाव काय लिहू, दादाजी पेंटरने विचारलं.
पानपोई.
पेंटर सातवी शिकलेले. त्यांनी निळ्या रंगात ण काढला,
खाली माठ, आणि माठातून एक थेंब,
जो ब्रश घसरल्याने
खाली न पडता डावीकडे गेला.
तो तसाच राहिला. रजिस्ट्रीत गेला तोही तसाच,
तिरका.

नत्थू निमजे आमच्याकडे अठरा वर्षं होता.
त्याला माझ्या डब्यातली वांग्याची भाजी चालायची,
आईच्या डब्यातली नाही.
बाप गेल्यावर कामठी रोडला त्याचा बोर्ड लागला:
तोच निळा, तोच माठ,
थेंबही डावीकडे.
फक्त ण चा न केला होता.
तेवढ्यावर त्याची झोप लागत असावी.

नोटीस दिली. उत्तर नाही.
दावा लावला, धावत, कारण मे महिन्यात
कोर्टाला सुट्टी असते
आणि आमचा अख्खा धंदा मे महिन्यात असतो.
सुट्टीच्या दोन दिवस आधी तात्पुरती मनाई मिळाली.
कमिशनर वाडीच्या गोदामात गेले,
दोनशे बारा कुलर मोजले, लाख लावली.
नत्थूने त्यांना खुर्ची दिली
आणि उकडतंय म्हणून
त्यातलाच एक सुरू करू का, विचारलं.

हे तीन उन्हाळ्यांपूर्वीचं.

त्यांचे वकील म्हणत होते, अक्षर वेगळं तर शब्द वेगळा.
शिवाय, साहेब, पाणपोई कुणाच्या बापाची असते का?
हे दुसरं मला रात्री आठवायचं.
त्याला कायद्यात उत्तर होतं, बोकारे मॅडमनी सांगितलंही:
माठाला नाव पडलं तर हक्क नाही, पत्र्याला पडलं तर आहे.
पण बापाने ऐकलं असतं तर
मान हलवली असती, कोणत्या बाजूला
ते ठरवता येत नाही मला.

तर, नाव घ्या, बाई.

चौथीत काळे बाईंनी पाण्यासाठी पट्टी मारली होती,
पानी नव्हे, पाणी, दहादा लिही.
ण येतो मला. बँकेत येतो, सासरच्या लग्नात येतो.
पिंजऱ्यात घसा कोरडा होता.
मी म्हटलं, पानपोई.

वकील वळले, दोन्ही हात पसरून.
नोंद व्हावी! वादी स्वतः
आमच्या अशिलाचं नाव घेते!
मागे कुणी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.
पेन ठेवून म्हणाले,
मग ह्या बाई दुकानात गेल्या आणि असं बोलल्या,
तर दुकानदार कुणाचा कुलर काढील?

वकिलांनी हात खाली घेतले, हळूहळू,
वाळत घातलेलं काढावं तसे.
तेवढ्यात टायपिस्टने विचारलं,
साहेब, साक्षीत न टाकू की ण?
कुणीच लगेच बोललं नाही.

बाहेर कडुनिंबाखाली रांजण होता.
नत्थू आधीच उभा, हातात ग्लास.
पानी पे व वच्छला, म्हणाला,
ह्याच्यावर मनाई नाही ना अजून?
मी प्यायले. कोमट होतं.

निकाल लागला. कायमची मनाई, नफ्याचा हिशेब,
दोनशे बारा पत्र्यांवरून नाव खरवडून काढावं.
खरवडायला तो स्वतः बसला, ऐकलं.

नक्कल हातात आली, एकोणीस पानांची.
तेराव्या पानावर टायपिस्टने
आमच्याच नावात न टाकलाय.
दुरुस्तीचा अर्ज देऊ, मॅडम म्हणाल्या.
मी म्हटलं, सुट्टीनंतर बघू.